गेल्या वेळी ऑइल कधी बदललं होतं?

जुन्या गाडीचं इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलावं, हा प्रश्न चारचौघांत टाकून बघावा. एरवी निवडणुकीवरसुद्धा तोंड न उघडणारी माणसं खुर्ची पुढे ओढतात. पहिला म्हणतो तीन हजार. दुसरा म्हणतो पाच. तिसरा म्हणतो, ‘सिंथेटिक टाकलं असेल तर दहा हजार, डोळे झाकून.’ आणि चौथा, ज्याने सगळी नोकरी पीएमटीच्या पासावर काढली, तो म्हणतो, ‘आमच्या वेळी ऑइल बदलायचेच नाहीत हो, वरून टाकत राहायचे.’ चौघेही ठाम असतात. पंचाईत अशी की चौघेही थोडेथोडे बरोबर असतात. चौथासुद्धा. त्याच्याकडे नंतर येऊ.

तीन हजार हा आकडा मेस्त्रीचा. तो कारणं देत बसत नाही, पट्टी काढून दाखवतो. बोनेट वर, पट्टी बाहेर, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन दोनदा चोळायचा, नाकापाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा, ‘काका, पाणी झालंय बघा.’ काका वाकून बघतात. त्यांना पाणी दिसत नाही, काळं दिसतं. पण मेस्त्रीच्या बोटांना जे कळतं ते आपल्या डोळ्यांना कळणार नाही याबद्दल मराठी माणसाच्या मनात शंका नसते. काका मान डोलावतात. तेवढ्यात पोऱ्याने पाना काढलेला असतो.

वास्तविक काळं पडणं हा ऑइलचा गुन्हा नाही. काजळी पोटात घ्यायची, तरंगती ठेवायची, इंजिनाच्या भिंतींना चिकटू द्यायची नाही, हेच त्यात मिसळलेल्या डिटर्जंटचं काम. जे ऑइल सहा महिने वापरून सोनेरी राहतं, त्याचीच चौकशी करायला हवी. डिझेल गाडीवाल्यांना हे पाठ असतं. त्यांनी सकाळी घातलेलं नवं ऑइल संध्याकाळी डांबरासारखं असतं आणि त्यांचं काही बिघडत नाही. रंगावरून माणूस जोखू नये हे आपल्याला शाळेत सांगितलं. ऑइलबद्दल सांगायचं राहून गेलं. मेस्त्री वास घेतो ते मात्र उगाच नाही. ऑइलला पेट्रोलचा वास मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली उतरतंय आणि ऑइल पातळ करतंय. त्याचा तीन हजारांचा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. तो हे काम शिकला ते कार्बोरेटरवर, चोक ओढून सुरू होणाऱ्या गाड्यांवर आणि साध्या मिनरल ऑइलवर. त्या काळात तीन हजार बरोबरच होतं. गाड्या बदलल्या, ऑइल बदललं, आकडा तेवढा गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरामागे टिकून राहिला.

सर्व्हिस सेंटरात याच्या उलट. तिथला ॲडव्हायजर टॅबलेटवर बोट फिरवत दहा हजार किंवा एक वर्ष म्हणतो, इतक्या उदारपणे की क्षणभर त्याच्या धंद्याची काळजी वाटते. काळजी करू नये. ऑइलमध्ये सोडलेले पैसे इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण आणि अंडरबॉडी कोटिंग यांतून परत येतात. गाडी सतरा वर्षांची आहे, विकली तर सत्तर हजार येतील, आणि तिच्या पोटाला बारा हजारांचं कोटिंग सुचवताना त्या मुलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्याच्या शिक्षणाचं मला कौतुक वाटतं.

तिसरं मत परदेशातून येतं. न्यू जर्सीतला मेहुणा व्हिडिओ कॉलवर सांगतो, ‘आम्ही इथे दहा हजारांना बदलतो. तुम्ही लोक उगाच ऑइल फेकता.’ मेहुण्याचं म्हणणं खरं असतं, पण तो मैल सांगतो आणि आपण किलोमीटर ऐकतो. दहा हजार मैल म्हणजे सोळा हजार किलोमीटर. शिवाय तो सकाळी हायवेला लागतो आणि तासभर एकाच वेगाने जातो. इंजिन छान तापतं, ऑइलमधलं नको ते उडून जातं. त्याचं ऑइल आणि आपलं ऑइल एकाच कंपनीचं असेलही. आयुष्य एक नाही.

सगळ्यांत कमी ज्याला विचारलं जातं, ते गाडीबरोबर आलेलं पुस्तक. जुन्या गाडीत ते डाव्या बाजूच्या कप्प्यात, पीयूसीच्या कालबाह्य पावत्या, टोलच्या चिठ्ठ्या आणि एका सुकलेल्या झेंडूच्या फुलाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत असतं. पिशवी फाडलेली नसते. पुस्तक खराब होईल म्हणून ते कोणी वाचत नाही. वाचलं तर कळतं की ऑइल बदलण्याचे बहुतेक ठिकाणी दोन तक्ते दिलेले असतात. एक साध्या वापराचा. दुसरा कठोर वापराचा, ज्यात अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं. कठोर वापर म्हणजे काय, तेही छापलेलं असतं: वारंवार छोट्या अंतराच्या फेऱ्या, थांबत-थांबत चालवणं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, धुळीचे रस्ते, कडक उन्हाळा. जपानी किंवा कोरियन इंजिनिअरने ही यादी कुठल्यातरी वाळवंटातला दुर्दैवी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणून केली असणार. पुणेकराने ती वाचली तर त्याला वाटेल, लिहिणारा सिंहगड रस्त्याला भाड्याने राहत होता.

यातली छोट्या फेऱ्यांची गोष्ट लोकांना पटत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वांत भाव खाणारी जाहिरात कुठली? ‘डॉक्टर वापर, सिंगल ओनर, कमी चाललेली.’ हे वाचून घेणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण डॉक्टरसाहेबांची गाडी चालायची कशी ते बघा. घर ते दवाखाना दीड किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा तेच, पंधरा वर्षं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी रिंगांना चुकवून खाली ऑइलपर्यंत पोहोचते. इंजिन चांगलं तापलं आणि तापलेलं राहिलं, तर ती परत उडून जाते. दीड किलोमीटरमध्ये ते होत नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणून आपण खूश होतो, पण तो काटा कूलंटचा. ऑइलला तापायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि तोवर डॉक्टर पहिला पेशंट तपासत असतात. उरलेलं पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये मुक्काम करतं, आम्ल तयार होतं, गाळ धरतो. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पांढरट-पिवळट चिकट थर दिसतो. तो बघून एखादा मेस्त्री ‘हेड गॅस्केट गेलं’ असं जाहीर करून मालकाला खाली बसवतो; कूलंट कमी होत नसेल, तर बहुधा गॅस्केट जागेवरच असतं, गाडीला फक्त लांब कुठेतरी न्यायला हवं असतं.

रोज पुणे-मुंबई मारणारी आणि म्हणून बाजारात बदनाम झालेली टुरिस्ट गाडी ऑइलच्या बाबतीत डॉक्टरांच्या गाडीपेक्षा सुखी असते. ‘गाडी चालतच नाही, मग ऑइल खराब होईल कसं?’ असं विचारणारे निवृत्त गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांची गाडी कव्हराखाली असते, रविवारी कव्हर निघतं, गाडी मंडईपर्यंत जाते, मेथीची जुडी घेऊन येते आणि पुन्हा कव्हरात जाते. त्यांच्याकडे वहीत सगळ्या नोंदी असतात, पेट्रोलच्या, हवेच्या, पंक्चरच्या. ऑइलच्या रकान्यात लिहिलेलं असतं: ‘अजून पाच हजार झाले नाहीत.’ ही नोंद चार वर्षं जुनी असते.

आता सिंथेटिककडे. हे मुळात आपल्यासाठी नव्हतंच. अतोनात थंडी आणि जेट विमानांची अतोनात उष्णता, यांत साधं ऑइल टिकेना म्हणून ते पुढे आलं. मोटारींसाठी ते अमेरिकेत १९७०च्या दशकात विकायला आलं आणि पहिल्याच झटक्यात पंचवीस हजार मैलांच्या गोष्टी सुरू झाल्या. विमानासाठी सुचलेली ती वस्तू आज नवले पुलाखाली अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये उभ्या असलेल्या जुन्या झेनच्या पोटात आहे.

डब्यावरचे आकडे घेणाऱ्याला विशेष आवडतात. झिरो डब्ल्यू, फाइव्ह डब्ल्यू. यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. झिरो डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे पस्तीस अंशांवर घेतात, फाइव्ह डब्ल्यूची उणे तीसवर, आणि आपल्या जुन्या, साध्या ट्वेंटी डब्ल्यूची उणे पंधरावर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आणि मे महिन्यात चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या वर असताना एक गृहस्थ दुकानात उभे राहून विचारत असतात, ‘झिरोवालं नाही का? लेटेस्ट द्या.’ त्यांना हवं असतं ते मागच्या आकड्यात असतं, म्हणजे चाळीस किंवा पन्नास, जो तापलेल्या इंजिनात ऑइल किती जाड राहील हे सांगतो. झिजलेल्या, सैल पडलेल्या जुन्या इंजिनात वीसचं पातळ ऑइल ओतलं की सिग्नलला उभं असताना लाल दिवा लुकलुकायला लागतो. ‘जुन्या गाडीला जाडच ऑइल लागतं’ असं मेस्त्री म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालायच्या आधी पुस्तक उघडावं. बऱ्याचदा तो आणि पुस्तक एकच बोलत असतात.

सिंथेटिक चांगलं नाही असं नाही. उष्णतेने ते लवकर फुटत नाही, सकाळी सुरू करताना वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचतं, गाळ कमी धरतं. पण भाव मिनरलच्या दुपटीच्या पुढे गेला की आपल्यातला हिशेबनीस जागा होतो. दुप्पट पैसे, तर दुप्पट किलोमीटर. बायकोला सांगायलाही हे गणित बरं पडतं. अडचण एवढीच की धुळीला, पाण्याला आणि पेट्रोलला तुम्ही किती पैसे मोजलेत हे माहीत नसतं. ते महागड्या ऑइलमध्येही त्याच वेगाने उतरतात. फिल्टरलाही माहीत नसतं. तो शेदीडशे रुपयांचा बिचारा आपल्या वेळेलाच भरतो. काही लोक ऑइल नवं टाकतात आणि ‘फिल्टर पुढच्या वेळी’ म्हणतात. आंघोळ करून कालचाच बनियन घालण्याचा हा प्रकार आपल्याकडे फार.

‘जुन्या गाडीला सिंथेटिक मानवत नाही, गळायला लागते’ ही दुसरी श्रद्धा. हिच्यात तथ्य आहे, पण जुनं. सुरुवातीच्या काळात काही सिंथेटिक ऑइलांनी रबरी सील आकसायचे. आजच्या ऑइलांत त्यावर उपाय केलेले असतात. आज गळते ती गाडी बहुधा आधीच गळणारी असते. वर्षानुवर्षांच्या गाळाने भेगा बुजलेल्या असतात, नव्या ऑइलने तो गाळ धुऊन काढला की सत्य बाहेर येतं. दोष ऑइलला देतात. आणि हे ‘सेमी सिंथेटिक’ काय प्रकरण आहे, म्हणजे किती सेमी, हे मी दुकानदाराला विचारून बघितलं. त्याने डबा फिरवून वाचला, परत फिरवून वाचला आणि म्हणाला, ‘साहेब, चांगलं आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच आहे.’ नाना पेठेत यापेक्षा मोठा शास्त्रीय पुरावा मिळत नाही.

आता तो चौथा, वरून टाकणारा. ज्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत, ते ऑइल पितं. हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर सहज. अशी गाडी ऑइल सारखं बदलतच असते, फक्त सायलेन्सरमधून. ज्याचं जळतं त्याला कळतं असं म्हणतात; इथे ज्याचं जळतं त्याला काहीच कळत नाही, मागच्या स्कूटरवाल्याला कळतं. निळा धूर त्याच्या नाकात जात असतो आणि पुढचे काका आरशात बघून पुटपुटतात, ‘हल्ली प्रदूषण फार वाढलंय.’ अशा गाडीत भारीतलं सिंथेटिक ओतणं म्हणजे नुसती नोट जाळणं. तिला पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं साधं ऑइल द्यावं, डिकीत एक डबा ठेवावा आणि इंजिनाच्या कामासाठी पैसे साठवायला लागावं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी वीस-वीस वर्षं अशाच रेटल्या गेल्या. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण वरून टाकत राहिलं तरी खालचा गाळ खालीच राहतो. तिथे चौथ्याचं चुकतं.

एकदा ऑइल बदलताना उभं राहून बघावं. म्हणजे आपल्याकडे सगळे बघतातच. हात मागे बांधून, थोडं वाकून, डोळ्यांत तेल घालून. पोऱ्या गाडीखाली सरकतो, नट सैल करतो, शेवटचे दोन आटे हाताने फिरवून झटकन हात काढून घेतो, तरी मनगटावर गरम धार येतेच. कापलेल्या डब्यात धार आधी जाड, मग बारीक, मग थेंब. पोऱ्याला आता नट लावायचा असतो. ‘थांब रे, निथळू दे,’ काका म्हणतात. फिल्टर हाताने निघत नाही, मग पट्टा, पट्टा नसेल तर फिल्टरच्या पोटात स्क्रूड्रायव्हर ठोकून तो फिरवला जातो, आणि काका डोळे मिटतात. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर ऑइल लावलं जातं. हे एक बोट ज्या गॅरेजात न सांगता लागतं, ते गॅरेज सोडू नये. मग पाण्याच्या बाटलीचं कापलेलं नरसाळं येतं, डबा उलटा होतो आणि रिकामा झाला तरी आणखी पाच मिनिटं उलटाच राहतो. शेवटी काका रिकामा डबा मागतात. हा मात्र शुद्ध शहाणपणा आहे. भंगारात गेलेले चांगल्या कंपनीचे डबे दुसऱ्याच ऑइलने भरून बाजारात परत येतात, म्हणून डबा फोडून टाकावा. काका फोडत नाहीत. गॅलरीत त्यात कोरफड लावतात.

काढलेल्या जळक्या ऑइलचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. गावाकडे ते दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. शहरात स्लॅबच्या प्लेटांना लावतात. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. गॅरेजमागच्या गटाराची तशी नोंदणी कुठेही नाही. आपल्या मेस्त्रीकडे पिंप आहे का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

राहता राहिला किलोमीटरचा मुद्दा, आणि तो निकालात काढणं सोपं आहे, कारण निम्म्या जुन्या गाड्यांचं मीटर बंद असतं. केबल तुटलेली असते किंवा पाच आकडी मीटर एकदा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव करून शून्यापासून पुन्हा निघालेलं असतं. काचेवरच्या चिकटपट्टीवर ‘पुढची सर्व्हिस ८४,५००’ लिहिलेलं असतं आणि मीटर चौऱ्याऐंशी हजार दोनशेवर तीन वर्षं ध्यानस्थ. पंधरा वर्षं झाली की आरटीओ पुन्हा नोंदणी करतं, दिवे बघतं, हॉर्न वाजवून बघतं, पर्यावरण कर घेतं. ऑइल कधी बदललं, हे तेही विचारत नाही.

तेव्हा माझं मत सांगतो. डब्यावर काहीही छापलेलं असो: पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला मिनरलवर पाच हजार, सिंथेटिकवर सात-साडेसात हजार किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते. मंडईपुरती चालणाऱ्या गाडीला वर्षच आधी होतं. तारीख लक्षात राहत नसेल तर खंडेनवमी धरा. खंडेनवमीला ऑइल आणि फिल्टर दोन्ही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा हार. आणि दर महिन्याला एकदा, गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना, पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली असेल तर गाडी सुरू न करता आधी ऑइल आणा. पुसायला जुना बनियन चालतो.